रंटगेन, क्ष-किरण आणि हाडाच्या आतला अंधार

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत जो चलनफुगवटा झाला त्याची हकीकत अर्थशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सांगावी लागते. १९१४ साली एका अमेरिकन डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. हे आकडे फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरची मुलेदेखील सावरून बसतात. परंतु आकड्यांच्या या जत्रेत एक साधा प्रश्न बहुधा हरवतो. या फुगवट्यात बुडाले कोण? कर्जदार बुडाले नाहीत, कारखानदारही फारसे बुडाले नाहीत. बुडाले ते आयुष्यभर काटकसर करून रोख्यांत आणि बँकेत पैसा ठेवणारे पेन्शनर, शिक्षक, कारकून आणि प्राध्यापक. म्युनिकमधील अशाच एका निवृत्त प्राध्यापकाचा १० फेब्रुवारी १९२३ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी आतड्याच्या कर्करोगाने मृत्यू झाला. फुगवट्याची परमावधी व्हायला अजून नऊ महिने होते, पण त्याच्या बचतीचे मोल तोवर जवळजवळ नाहीसे झाले होते. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्हेल्म कॉनराड रंटगेन ते हेच.

मनात आणले असते तर रंटगेन हे युरोपातील अतिधनाढ्य माणसांपैकी एक होऊ शकले असते. त्यांनी ते मनात आणले नाही. या नकाराचे कौतुक शालेय पुस्तकांतून पुष्कळ झाले आहे. त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडण्याची आज निकड आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते आणि त्याचे कारण हाडांच्या आत, अस्थिमज्जेत, दडलेले आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी माणूस पाहू.

रंटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, ऱ्हाईन प्रांतातील लेनेप या गावचा. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळची ॲमस्टरडॅमची. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे गेले. पुढे उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत कुणा विद्यार्थ्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. काढणाऱ्याचे नाव सांगावे असे रंटगेनना बजावण्यात आले. त्यांनी सांगितले नाही आणि शाळेतून नाव कमी झाले ते त्यांचे. शालान्त प्रमाणपत्र हाती नसल्याने विद्यापीठांची नेहमीची दारे बंद झाली. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मात्र प्रवेशपरीक्षेवर विद्यार्थी घेत असत. तेथून त्यांनी १८६८ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदविका आणि पुढच्याच वर्षी झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. औगुस्ट कुंट या पदार्थवैज्ञानिकाने त्यांना आपला साहाय्यक म्हणून जवळ केले आणि १८७० मध्ये वुर्ट्सबुर्ग येथे नेले.

वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाने या डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणाला अध्यापनाची अधिकृत पात्रता देण्याचे नाकारले. कारण तेच, शालान्त प्रमाणपत्राचा अभाव! कागद आणि कर्तृत्व यांचा झगडा आपल्या परिचयाचा आहे; तो केवळ आपल्याच कचेऱ्यांत चालतो अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. स्ट्रासबुर्गने १८७४ मध्ये त्यांना ती पात्रता दिली. नंतर होहेनहाईम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, १८७९ पासून गीसेन असा प्रवास झाला. १८८८ साली ज्या वुर्ट्सबुर्गने त्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यानेच त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलाविले आणि १८९४ मध्ये कुलप्रमुख केले. दरम्यान १८७२ मध्ये झुरिकच्या एका उपाहारगृह-मालकाची कन्या ॲना बर्था लुडविग हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. मूल झाले नाही. बर्थाच्या सहा वर्षांच्या भाचीला त्यांनी १८८७ मध्ये आपलेसे केले.

पन्नाशी गाठेपर्यंत रंटगेन हे एक चोख, काटेकोर, काहीसे अबोल प्रयोगकर्ते म्हणून तज्ज्ञांना ठाऊक होते, एवढेच. जगाला त्यांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. वुर्ट्सबुर्गच्या भौतिकी संस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर प्राध्यापकांचे बिऱ्हाड होते आणि खाली प्रयोगशाळा. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत ते निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडून ऋण-किरणांचा अभ्यास करीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली; उजेडाचा कवडसाही बाहेर येण्याची सोय नव्हती. तरीही काही अंतरावरचा, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा मंद चमकू लागला. ऋण-किरण हवेत काही सेंटिमीटरांपलीकडे जात नाहीत, हे ठाऊक होते. मग हे काय? यापूर्वी अनेक प्रयोगशाळांत अशा नळ्या वर्षानुवर्षे चालल्या होत्या आणि ते किरण तेथेही निर्माण होत असलेच पाहिजेत. कुणाच्या छायापट्ट्या कारण नसताना काळवंडल्या असतील, कुणी त्या सदोष म्हणून टाकून दिल्या असतील. रंटगेन थांबले. सात आठवडे त्यांनी कुणालाही काही सांगितले नाही. जेवणखाण प्रयोगशाळेत, झोपही पुष्कळदा तेथेच. कागद, लाकूड, ॲल्युमिनियम, शिसे, सगळे त्या किरणांच्या वाटेत धरून पाहिले. स्वतःचा हात धरला तेव्हा पडद्यावर बोटांच्या हाडांची सावली उमटली.

२२ डिसेंबर रोजी त्यांनी बर्थाला खाली बोलाविले आणि तिचा हात छायापट्टीवर ठेवून सुमारे पंधरा मिनिटे किरण सोडले. उमटलेल्या चित्रात हाडे होती आणि एका बोटाच्या हाडाभोवती अधांतरी तरंगणारी अंगठी होती. ते पाहून आपला मृत्यूच दिसल्यासारखे तिला वाटले, असे सांगतात. तिच्या वाटण्याला विज्ञानाचा आधार नव्हता; पण जिवंतपणी आपला सांगाडा पाहणारी ती जगातील पहिली स्त्री, तेव्हा तिला दुसरे काय वाटावे?

२८ डिसेंबरला निबंध स्थानिक वैज्ञानिक संस्थेकडे गेला आणि १ जानेवारी १८९६ ला त्याच्या प्रती चित्रांसह निरनिराळ्या देशांतील वैज्ञानिकांना टपालाने रवाना झाल्या. किरणांचे स्वरूप अज्ञात म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि मग जग त्या शोधावर तुटून पडले. १३ तारखेला बर्लिनला बादशहासमोर प्रयोग झाले. २३ तारखेला वुर्ट्सबुर्गच्या सभेत वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कॉलिकर यांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष काढण्यात आले. फेब्रुवारीत मॉन्ट्रियल येथे एका जखमीच्या पायातील बंदुकीची गोळी या किरणांनी हुडकून काढली. त्या एका वर्षात या विषयावर ४९ पुस्तके आणि हजारांवर लेख प्रसिद्ध झाले. छापखान्यांच्या त्या काळात ज्ञान इतक्या वेगाने पसरले त्याचे श्रेय टपालखात्याला आहेच; पण त्याहून अधिक, वाटेत कुणी जकातनाका उभारला नव्हता यास आहे.

बर्लिनच्या एका बड्या विद्युत् कंपनीने पेटंटाविषयी बोलणी करून पाहिली होती. विद्यापीठातील प्राध्यापकाचा शोध समाजाचा, त्यावर करार, परवाने वा मक्तेदारी बसता कामा नये, अशी रंटगेन यांची धारणा होती. त्यांनी पेटंट घेतले नाही. सरदारकीची उपाधीही नाकारली. १९०१ मध्ये पहिले नोबेल पारितोषिक घेण्यास ते स्टॉकहोमला गेले, पण तेथे व्याख्यान दिले नाही. पारितोषिकाची रक्कम वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. वैद्यकाची सन्माननीय डॉक्टरेट मात्र त्यांनी आनंदाने स्वीकारली. १९०० पासून ते म्युनिकला होते. क्ष-किरणांवर त्यांनी एकूण तीनच निबंध लिहिले, शेवटचा १८९७ चा.

आता हाडांच्या आत डोकवावे. क्ष-किरणांना हाड दिसते ते त्यातील कॅल्शियममुळे. बर्थाच्या हाताच्या चित्रात हाड आहे, अंगठी आहे, मज्जा नाही. आणि शरीरातले किती तरी भयंकर रोग हाडाच्या कठीण कवचात नव्हे, तर आतल्या मऊ मज्जेत बिऱ्हाड करतात. स्तन, फुप्फुस, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी येथील कर्करोग पसरतो तेव्हा त्याचे बी पुष्कळदा मणक्यांच्या आणि कटीच्या मज्जेत रुजते. मल्टिपल मायलोमा हा तर मज्जेचाच रोग. मणक्याच्या सच्छिद्र हाडातील खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग नष्ट होईपर्यंत साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा काही दिसत नाही. म्हणजे चोर घरात शिरून निम्मे घर लुटीपर्यंत पहारेकऱ्याला पत्ता नाही. विपरीत असे की, ज्या मज्जेला हे किरण पाहू शकत नव्हते तिला ते जाळू मात्र शकत होते. किरणोत्सर्गाने सर्वप्रथम होरपळणाऱ्या इंद्रियांत मज्जेची गणना होते. महायुद्धात फिरत्या क्ष-किरण गाड्या घेऊन आघाडीवर गेलेल्या मारी क्यूरी १९३४ मध्ये गेल्या त्या मज्जेने रक्त निर्माण करणे थांबविल्यामुळेच.

मज्जा दिसू लागली ती चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने, म्हणजे आपण सर्रास एम. आर. आय. म्हणतो त्याने. पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावरची पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली आणि १९७७ मध्ये पीटर मॅन्सफील्ड व त्यांच्या सहकाऱ्याने जिवंत माणसाच्या बोटाचा आडवा छेद दाखविला. क्ष-किरणांचा आरंभ हाताने झाला, याचा बोटाने. योगायोग मोठा बोलका आहे. या यंत्राला कॅल्शियमशी कर्तव्य नाही. ते पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजनची नोंद घेते. म्हणून कठीण हाड येथे काळे आणि चरबीयुक्त मज्जा उजळ दिसते.

तथापि दिसणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. मज्जेत काळसर डाग दिसला म्हणजे कर्करोगच असे मुळीच नाही. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असेल, वार्धक्याने ठिसूळ झालेला मणका दबून सुजला असेल, क्षयासारखा जंतुसंसर्ग असेल, किंवा पांढरपेशा पिवळ्या मज्जेने रक्ताची मागणी वाढल्यामुळे पुन्हा लाल मज्जेचे काम पत्करले असेल. यांतून कर्करोग वेगळा काढण्याची एक युक्ती इतकी साधी आहे की ती विद्यार्थ्यांना सांगण्याचा मोह होतो. निरोगी मज्जेत चरबी आणि पाणी शेजारी शेजारी नांदतात. कर्करोगाच्या पेशी चरबीला हुसकावून तिची जागा घेतात. नुसती सूज किंवा दबलेला मणका असेल तर चरबी बहुधा शिल्लक राहते. चरबीतील आणि पाण्यातील हायड्रोजनचे अणुगर्भ चुंबकाच्या प्रभावाखाली किंचित वेगळ्या गतीने भोवऱ्यासारखे डोलतात. त्यामुळे काही क्षणी त्यांचे संदेश एकमेकांत मिळतात, काही क्षणी एकमेकांना मारतात. दोन्ही क्षणी प्रतिमा घ्यावी. दुसरीत तो डाग चांगलाच मंदावला, साधारण २० टक्क्यांहून अधिक, तर तेथे चरबी आहे आणि रोग बहुधा सौम्य आहे. मंदावला नाही, तर चरबी गेलेली आहे आणि संशय बळावतो. दाटीवाटीने वाढलेल्या पेशींत पाण्याचे रेणू मोकळे फिरू शकत नाहीत, हे मोजणारी आणखी एक पद्धत जोडीला असते. या कसोट्या निर्दोष नाहीत. मायलोमा कधी चरबीला पूर्ण हुसकावत नाही, तर कधी निरुपद्रवी गाठीतही चरबी नसते. शेवटचा निवाडा सुईने काढलेल्या तुकड्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचाच. परंतु सुई कुणाला टोचायची आणि कुणाला नाही, व टोचायची तर नेमकी कोठे, हे या प्रतिमा सांगतात.

एखादा कारकून पाठदुखीसाठी तपासणी करून घेतो आणि अहवालात मणक्याच्या मज्जेत संशयास्पद डाग असल्याचे वाचतो. त्या क्षणापासून पुढचा निर्वाळा मिळेपर्यंत त्या घरात काय चालते, हे पगारदार वर्गाला निराळे सांगायला नको. मुलीचे लग्न लांबते, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरला जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत माहितीला किंमत असते, आणि हा कर्करोग नव्हे या एका माहितीची किंमत त्या घराला विचारावी. वर सांगितलेल्या कसोटीला नवे यंत्र लागत नाही. आहे त्याच यंत्रावर आणखी थोडी मिनिटे आणि ती प्रतिमा वाचणारा प्रशिक्षित डोळा एवढे पुरते. म्हणूनच यंत्र खरेदीच्या समारंभांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे ती चालविणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांच्या शिक्षणाला दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. फीत कापता येते ती यंत्राची, रेडिऑलॉजिस्टच्या प्रशिक्षणाची नव्हे, ही खरी अडचण आहे.

येथे रंटगेन यांच्या नकाराचा हिशेब येतो. एम. आर. आय.चा इतिहास निराळा घडला. रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये गाठीतील व निरोगी ऊतींतील चुंबकीय संदेश भिन्न असतात असे दाखविले, १९७४ मध्ये पेटंट मिळविले आणि त्यांच्या कंपनीने १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून न्यायालयामार्फत सुमारे १२ कोटी ८७ लाख डॉलर वसूल केले. लाउटरबर यांच्या विद्यापीठाने मात्र त्यांच्या कल्पनेचे पेटंट घेणे खर्चाच्या मानाने परवडणारे नाही असे ठरविले होते. २००३ चे नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमेडियन वगळले गेले आणि त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. कोण बरोबर, कोण चूक याचा निकाल सोपा नाही. क्ष-किरणाची नळी गावोगावच्या प्रयोगशाळांत आधीच होती; रंटगेन यांच्या निबंधाची प्रत हाती पडली की दुसऱ्या दिवशी चित्र काढता येत होते. अतिशीत चुंबकाचे यंत्र असे कुणी घरी बांधू शकत नाही. त्याला भांडवल लागते आणि भांडवल जोखीम पत्करते ते परताव्याच्या आशेने. पेटंट सरसकट पाप आहे असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे होईल. पण रंटगेन यांनी शोध मोफत दिला आणि क्ष-किरण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, हेही नाकारता येणार नाही. भांडवलाच्या खर्चामुळे जे मोफत देता येत नाही, ते सार्वजनिक तिजोरीतून स्वस्त करता येते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले त्यामागे मेहेरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे मज्जेच्याच रोगाने, झालेला मृत्यू होता. उपचारासाठी परदेशी जाणे ज्यांना शक्य होते त्या घराने, ज्यांना ते शक्य नाही त्यांची सोय केली.

रंटगेन यांना देवत्व देण्याचे कारण नाही. १९१४ मध्ये जर्मन सैन्याच्या कृत्यांचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती. पुढे त्यांना त्याचा खेद झाला. सही मात्र राहिली. युद्धात देशासाठी त्यांनी आपले सोन्याचे पदकही देऊन टाकले. बर्था दीर्घकाळ आजारी होती. तिच्या वेदनांवर मॉर्फिनची इंजेक्शने ते स्वतःच्या हाताने देत. ३१ ऑक्टोबर १९१९ रोजी ती गेली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. फुगवट्याने वुर्ट्सबुर्गला दिलेल्या पारितोषिकाच्या रकमेचेही मोल खाऊन टाकले. त्यांच्या कर्करोगाचा संबंध क्ष-किरणांशी जोडण्याची प्रथा आहे, पण जाणकार तसे मानत नाहीत. किरणांशी त्यांचा प्रत्यक्ष सहवास थोड्या वर्षांचा आणि प्रयोगात ते शिशाचा आडोसा वापरीत.

त्यांच्या अस्थी गीसेनच्या दफनभूमीत, आईवडील आणि बर्था यांच्या शेजारी आहेत. आपली पत्रे व टिपणे जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती आणि मित्रांनी ती बहुतांशी पाळली. त्यामुळे त्या सात आठवड्यांची रोजनिशी कुणाला वाचता येत नाही. उरले ते तीन निबंध आणि अंगठी घातलेल्या एका हाताचे चित्र.